काळी दोनची गिटार

सिद्धोधन दाजींना कुणाचा हेवा वाटत नाही, असं त्यांचं स्वतःचं मत आहे. गंगाखेड आगारात त्यांच्या मागून लागलेला मेकॅनिक त्यांच्या आधी हेड मेकॅनिक झाला, तेव्हा पेढे यांनीच वाटले. धाकट्या भावानं परभणीत प्लॉट घेतला, तेव्हा मोजणीला उन्हात हेच उभे राहिले. पण मागच्या हिवाळ्यात त्यांच्या घरात एक गिटार आली आणि हा भला माणूस असा जळायला लागला की भिंतीच्या अलीकडे मला धग लागायची.

भिंत आमची एकच आहे. मी सुकेशनी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दाजींची बायको धम्मशीला अक्का आणि मी एकाच गावच्या, चारठाण्याच्या, म्हणून ती अक्का आणि ते दाजी. दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच बोळात उघडतात. त्यांच्याकडे फोडणीत लसूण जास्त पडला तरी मला कळतं, आणि दाजी काय म्हणाले आणि अक्कानं काय ऐकून घेतलं तेही कळतं. कान देऊन ऐकावं लागत नाही. आमच्या घरी मुळात शांतताच असते. आमचे हे भाजीत मीठ कमी पडलं तर सांगतात, एरवी टीव्ही बघतात.

दाजींची भीमगीतांची पार्टी आहे. ती त्यांच्या वडिलांनी, सितारामबाबांनी उभी केली. बाबा पेटी वाजवत स्वतः गायचे. बाबा गेल्यावर पेटी दाजींकडे आली आणि गाणं अक्काकडे. मागं झील धरायला, म्हणजे तिची ओळ उचलून म्हणायला, मी आणि गल्लीतल्या आणखी दोघी. बाबांची पट्टी काळी दोन. म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी हा त्यांचा सा, तिथून गाणं सुरू व्हायचं. दाजींना त्यांनी तेवढंच शिकवलं आणि दाजींची बोटं काळी दोनच्या बाहेर कधी गेली नाहीत. तिथं मात्र ते डोळे मिटून वाजवतात. मान ताठ, नजर लोकांच्या डोक्यावरून पलीकडे, आणि अक्कानं त्यांच्या मागं मागं यायचं.

आता बाबांच्या गळ्याला जे सोयीचं, ते बाईच्या गळ्याला कसं असेल? काळी दोनमध्ये आम्हा बायकांना एक तर तळाशी पुटपुटावं लागतं, नाही तर वर चढून ओरडावं लागतं. आम्ही ओरडायचो. अंतऱ्याला अक्काच्या गळ्याच्या शिरा दोरीसारख्या उठायच्या. लोक म्हणायचे, काय पहाडी आवाज आहे बाईचा. कार्यक्रमानंतर दोन दिवस ही पहाडी बाई हळदीचं दूध पीत हातवाऱ्यांनी बोलायची. मला वाटायचं, हे गाणं असंच गायचं असतं. अक्कालाही तसंच वाटत असणार.

सकाळी भाकरी थापताना मात्र ती हळू गुणगुणायची. तो आवाज निराळा होता, खालचा आणि रुंद. खिडकीतून तो आला की मी नळ बारीक करायची. आणि नेमके तेव्हाच दाजी न्हाणीतून येता येता म्हणायचे, सुरात म्हण, खाली उतरलीस. मग ती गप्प बसायची.

जीवन हा अक्काच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. बँकेत लागला आणि पहिलीच नेमणूक गंगाखेडला मिळाली. खोली भाड्यानं घेतली, पण रविवारी जेवायला मावशीकडे. वसतिगृहात असताना गिटार शिकला होता, ती पाठीला लावून यायचा. सुरुवातीला दाजींना तो आवडायचा. बँकेतला भाचा कुणाला आवडत नाही?

मग रुख्मिणीच्या नातवाचं नामकरण आलं. रुख्मिणी म्हणजे आमच्याबरोबर झील धरणारी. संध्याकाळी सगळे जमलो आणि दाजींचा फोन आला की परळीच्या रस्त्यावर गाडी बंद पडलीय, यायला उशीर होईल. पेटी होती, वाजवणारा नव्हता. बायका म्हणाल्या, जीवन, तूच वाजव काहीतरी. त्यानं गिटार मांडीवर घेतली आणि अक्काला विचारलं, "मावशे, तुजी पट्टी कोनती?"

"आमची काळी दोन," अक्का म्हणाली.

"आमची न्हाई. तुजी."

अक्का हसली. मला काय म्हाईत, म्हणाली. तर त्यानं तिला नुसतं गुणगुणायला सांगितलं, डोकं खाली घालून तारा छेडल्या, गिटारच्या मानेवर एक चिमटा लावला, पुन्हा छेडल्या, आणि म्हण म्हणाला. मी शेजारीच बसले होते. मला वाटलं पोरगं वाद्य जुळवतंय.

अक्कानं रमाईचं गाणं धरलं. सितारामबाबांनी स्वतः जुळवलेलं ते गाणं. तिच्या तोंडून मी ते किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यातले शब्द कळले. आवाज भाकरी थापतानाचा होता. जीवन तिच्या तोंडाकडे बघून वाजवत होता. ती थांबली की थांबायचा, ती निघाली की निघायचा. दुसऱ्या अंतऱ्याला दाजी दारात आले. अंगावर ग्रीस लागलेला गणवेश, डोक्यावर हेल्मेट तसंच. गाणं संपेपर्यंत त्यांनी ते काढलं नाही.

संपल्यावर दगडाबाईंनी पदरानं डोळे पुसले. दगडाबाई गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, आणि जिभेला हाड नसल्याचा त्यांना अभिमान आहे. त्या म्हणाल्या, "सिद्धोधन, पौर्णिमेला इहारात असंच होऊ दे बाबा. पेटी राहू दे घरी."

बुद्धपौर्णिमेला सकाळी वंदना झाली की आमच्या विहारात हे गाणं होतं. बाबांच्या काळापासूनची रीत. गाणारीच्या उजव्या बाजूला पेटी. आधी बाबा बसायचे, मग दाजी. त्या जागेवर आता पँटला चुण्या न पडू देता मांडी घालणारा बँकेतला पोरगा बसणार, हे दगडाबाईंनी सगळ्यांसमोर ठरवून टाकलं होतं. आणि कुणीही नाही म्हटलं नाही. अक्कासुद्धा. दाजींना तेच लागलं.

तिथून पुढचे रविवार मी खिडकीतून बघितले. जीवननं गिटारला हात लावला की दाजींना बोअरची मोटर सुरू करायची आठवण व्हायची. मोटर बंद झाली की मिक्सरमध्ये शेंगदाण्याचा कूट करायला घ्यायचे. ज्या माणसानं जन्मात मिक्सरचं झाकण उघडलं नव्हतं, त्यानं चार रविवारांत दोन महिन्यांचा कूट करून ठेवला. जीवनला रस्सा वाढताना वाटीत फोडी कमी पडायला लागल्या. बोलणंही सुरू झालं. गिटार पिच्चरमध्ये ठीक आहे, भीमगीताला शोभत नाही. पेटीला भाता असतो, म्हणजे श्वास असतो, या लाकडाला काय असतं? अक्का ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. त्या मान हलवण्यात होकार नाही हे दाजींना कळायचं, मग आणखी जळायचे.

एकदा मला म्हणाले, "सुकेशनी, खरं सांग. माज्या पेटीवर ती कधी डोळे मिटून गायली का?"

मी म्हटलं, नाही.

मी खोटं बोलायला हवं होतं का? मला नाही वाटत.

त्यानंतर दाजींना साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी परभणीची कामं निघायला लागली. एसटीचा पास होताच. पहिल्यांदा हात हलवत गेले आणि येताना चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं घेऊन बोळातून मागच्या पत्र्याच्या खोलीत शिरले, पुढं ते जातानाही काखेत असायचं. गल्लीत तर्क सुरू झाले. रुख्मिणी म्हणाली बंदूक असेल. मी म्हटलं, गाडीचा पाटा असेल. मग पत्र्याच्या खोलीतून आवाज यायला लागला आणि सगळ्यांना कळलं. अक्कालाही कळलं. पण दाजी तिला म्हणाले होते की पत्र्याची खोली साफ करायलोय, तर ती आम्हाला म्हणायची, साफ करायलेत, करू द्या.

वसमत रोडला झेरॉक्सच्या दुकानावर अर्पिता नावाच्या मुलीचा गिटार क्लास आहे. दाजी तिथं शाळकरी पोरांच्या रांगेत शेवटी बसायचे. पोरं अंकल म्हणायची. दाजींची बोटं पान्हे फिरवून निबर झालेली, तारा रुतून ती दुखली नाहीत, पण जाड इतकी की एक तार दाबली तर शेजारची आपोआप दबायची. अर्पिता म्हणायची, काका, बोट उभं धरा. दाजी उभं धरायचे. आणि क्लासमध्ये ते चक्क वाजायचंही. तीन बोटं मांडून एकदा हात फिरवला की सहा तारा एकत्र गोड बोलायच्या. त्या दिवशी बसमध्ये दाजी खिडकीशी बसून मांडीवरच बोटं मांडत यायचे.

घरी मात्र तेच बोट, तीच तार, आणि आवाज असा की बोळातलं मांजर उठून जायचं. दाजींना काही उमजेना. आधी वाटलं, पत्र्याच्या खोलीतल्या उकाड्यानं लाकूड फुगलं. पाण्यात भिजवलेली गोणपाटं पत्र्यावर टाकली. मग वाटलं, अर्पितानं पोरांसमोर कौतुकानं खोटं सांगितलं. नजर लागली म्हणावं तर नजर-बिजर हे मानत नाहीत. शेवटी राग सगळा जीवनवर निघायचा. त्याची बोटं पेनानं सह्या करणारी, बारीक. देवानं, म्हणजे देव नाहीच, पण ज्यानं कुणी दिली त्यानं भाच्याला गिटारची बोटं दिली आणि आपल्याला पान्ह्याची. पहाटे ड्यूटीला जायच्या आधी वाजवायचे, ड्यूटीवरून आल्यावर वाजवायचे. पौर्णिमा जवळ येत होती. एक गाणं, एकच गाणं वाजवता आलं की झालं, असं त्यांचं चाललं होतं. पेटी नको म्हणता ना, मग गिटार घ्या, पण माझी.

पौर्णिमा आठवड्यावर आली तेव्हा एका सकाळी खोलीतून फाट्कन आवाज आला आणि दाजी गालाला हात लावून बाहेर पडले. तार तुटून गालावर लाल वळ उठला होता.

त्याच दिवशी मी प्रशिक्षणाला परभणीला गेले होते. परतीच्या बसमध्ये चढले तर दाजी मागच्या बाकावर, मांडीवर चादरीतली गिटार. गाल सुजलेला. मला जागा दिली आणि पोखर्णी फाटा येईपर्यंत मांडीवरची गिटार सावरत बसले. मग आपणहून सांगायला लागले.

झालं होतं असं. गिटार दुकानातून आणली त्या दिवशी त्यांनी घरी ती पेटीशेजारी ठेवली आणि तारा वाजवून पाहिल्या. सहापैकी एकही तार काळी दोनच्या सा-पमध्ये बोलेना. दाजींना वाटलं, कारखान्यातून बेसूर आली. आपल्याकडे कुठलंही वाद्य आधी पेटीला लावतात, ढोलकीसुद्धा. तर यांनी खुंट्या पिळून सगळ्या तारा सा आणि प, सा आणि प अशा लावून घेतल्या. क्लासला गेलं की अर्पिता रिवाजाप्रमाणे सगळ्या पोरांच्या गिटारी आधी सुरात लावायची, त्यात यांचीही लावायची. तिला वाटायचं एसटीत हादरे बसून उतरते. घरी आले की हे पुन्हा पेटीला लावायचे. ती बिचारी नीट करायची आणि हे प्रामाणिकपणे बिघडवायचे, असं महिनोन्‌महिने चाललं. त्या सकाळी एका तारेला वरच्या सापर्यंत चढवायला गेले आणि ती तुटली.

मला हसू आलं, पण त्यांच्या गालाकडे बघून मी ते गिळलं.

अर्पितानं तुटकी तार बदलता बदलता विचारलं होतं, काका, हे तुम्ही करता काय? मग म्हणाली होती की गिटार पेटीला लावायची नसते. ती तिच्या सुरात राहू द्यायची. गाणाऱ्याची पट्टी विचारायची आणि मग मानेवरचा हा चिमटा त्या पट्टीच्या जागी सरकवायचा. तुमच्याकडे गातं कोण? दाजी म्हणाले, मंडळी. त्यांची पट्टी? दाजी म्हणाले, काळी दोन.

"ती म्हनली, बाईमानसाची काळी दोन?" दाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले. "म्या म्हनलो, आमच्या बाबांची हाय. तर म्हनली, बाबांची न्हाई इचारायले काका, त्यांची इचारायले."

मग मी त्यांना रुख्मिणीच्या घरी जीवननं काय विचारलं होतं ते सांगितलं. आमची नाही, तुझी. मला तरी ते तेव्हा कुठं कळलं होतं? मलाही ते तिथं बसमध्येच, सांगता सांगता कळलं. दाजींनी चादरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. गंगाखेडचा पूल आला, गोदावरीत पाणी कमीच होतं, आणि ते एकदाच म्हणाले, "म्हंजे गिटारीची करामत न्हवती ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळ बारीक केला. पलीकडे अक्का भाकरी थापत गुणगुणत होती. आणि तिच्या मागून पेटीचा भाता सुटला. दाजींनी एक पट्टी दाबली, सोडली. दुसरी दाबली, सोडली. आंधळ्यानं दार चाचपावं तसे ते एकेक पट्टी वर जात होते. अक्का थांबली.

"थांबू नको, म्हन," दाजी म्हणाले.

तिनं पुन्हा धरलं. काळी पाचला पेटी आणि तिचा आवाज एक झाला. इतका एक की पेटी वाजतेय हेच ऐकू येईना. दाजींनी ती पट्टी धरूनच ठेवली. बऱ्याच वेळानं अक्काचा आवाज आला, गाण्याचा नाही, बोलण्याचा.

"लग्न करून आले तवा बाबा म्हनले, काळी दोनमदी म्हन. म्या म्हनले. तवापासून गळा माजा हाय आन पट्टी तुमच्या घरची हाय."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला.

पट्टी सापडली म्हणून वाजवता येतं असं नाही. काळी पाचला सा धरला की सगळी बोटं परकी होतात. ज्या पेटीवर दाजी डोळे मिटून वाजवायचे, तिच्यावर ते आता पहिल्या दिवसाच्या पोरासारखे चाचपडायला लागले. गिटारपेक्षा वाईट. गिटार निदान दुसऱ्याची होती. आठवडाभर मी ऐकत होते आणि अक्का पोळपाटाशी उभी राहून सांगत होती, चुकलं. परत घ्या. पूर्वी हे वाक्य दाजींचं होतं.

पौर्णिमेच्या सकाळी विहार भरला. वंदना झाली. दगडाबाई पुढंच बसल्या होत्या, आणि जीवन गिटार घेऊन त्या उजव्या जागेशी उभा होता, कारण सगळ्यांनी त्याला तसं सांगितलं होतं. दाजी पेटी घेऊन भिंतीला टेकून बसले होते, दूर. बोलावलं नाही तर उठायचं नाही अशा बेतानं. तोंड मात्र असं होतं की बोलावलं नाही तर हा माणूस पुन्हा पेटी उघडणार नाही. मला ते कळत होतं. अक्कालाही कळत असणार.

तिनं पदर सारखा केला आणि जीवनला जवळ बोलावून म्हणाली, "तू समोर बस बाळा, ऐकाय. ह्यांना वाजवू दे."

दगडाबाई काहीतरी म्हणाल्या. अक्कानं तिकडं पाहिलंच नाही.

दाजी आले, बसले. या वेळी त्यांना लोकांच्या डोक्यावरून बघता येईना. एकदा पट्ट्यांकडे, एकदा अक्काच्या तोंडाकडे, पुन्हा पट्ट्यांकडे. पहिल्या ओळीला दोनदा चुकले. तिसऱ्यांदा त्यांनी चाल वाजवायचं सोडून दिलं आणि नुसता तिचा सा धरून ठेवला. अक्का त्यावर गायली. मध्ये मध्ये ते चाल धरू बघायचे, तेव्हा ती त्यांच्यासाठी थांबायची, सूर सापडले की पुढं निघायची. जीवनबरोबर झालं होतं त्यापेक्षा गाणं उणंच झालं, हे मी खोटं कशाला सांगू. पण अंतऱ्याला तिच्या गळ्याची एकही शीर उठली नाही. आम्ही मागं झील धरली तीही न ओरडता. आणि शेवटच्या ओळीला ती डोळे मिटून गात होती, आणि दाजी तोंड किंचित उघडं ठेवून तिच्याकडे बघत होते.

तेव्हा मला हेवा वाटला. जीवनचा नाही, दाजींचा नाही. अक्काचा. महिनोन्‌महिने दाजी जळाले ते मी खिडकीतून मजेत बघितलं होतं, आणि आता ते सगळं माझ्या छातीत येऊन बसलं. माझ्यासाठी कुणी तार तोडून गालावर वळ उठवून घेईल का? माझी पट्टी कोणती, हे मला माहीत नाही. झील धरणारीला कोण विचारतं, जी पुढचीची तीच तिची.

दाजी अजून सुधारलेले नाहीत. रविवारी जीवन आला की बोअरची मोटर आजही सुरू होते, फक्त लवकर बंद होते. गिटार त्यांनी त्यालाच देऊन टाकली, आणि देताना ती बेसूर आहे असंही सांगितलं.

त्या दिवशी विहारातून मी घरी आले, पीठ मळलं आणि भाकरी थापताना मुद्दाम जरा मोठ्यानं गुणगुणले. वर नाही, खालीही नाही, जिथं गळ्याला बरं वाटलं तिथं. आमच्या ह्यांनी रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.